फुटाला एक सूत

कावळा नाक्याच्या अलीकडं मुजावरांच्या दुकानात
चाकं भिंतीला टांगलीत, लग्नघरातल्या परातींगत.
"काका, पंधरा घाला. सोळापण बसतील,
फेंडर आतनं जरा वाकवू. नाद खुळा दिसंल गाडी."
इर्शाद बाविशीचा.
माझी एस्टीम त्याच्याहून तीन वर्षांनी थोरली.

ताराबाई पार्कातल्या एका दातांच्या डॉक्टरकडनं घेतलेली.
ऊन तापलं की मागच्या सीटला अजून लवंगेचा वास सुटतो.
तेरा इंची लोखंडी चाकं, वर प्लॅस्टिकच्या टोप्या.
एक टोपी गगनबावड्याच्या घाटात गेली,
दुसरी गल्लीतल्या कुत्र्यानं नेली.
सकाळी मालन म्हणाली, "म्हातारीला आता नवी जोडवी कशाला?"
मी म्हणालो, म्हातारीचेच पाय आपल्याला चालवतात.
म्हणालो नाही खरं तर.
हे आत्ता सुचतंय, दुकानात उभ्या उभ्या.

चाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाचे पंखे, चरकाचे दाते, पुल्या, फ्लायव्हील.
चाक भट्टीत जन्मतं असं लोकांना वाटतं;
ते आधी सागवानात असतं, माझ्या पटाशीखाली,
आणि असतं थोडं मोठं.
कारण ओतलेला धातू थंड होताना अंग चोरतो.
म्हणून आमची पट्टीच मुळात खोटी:
बिडाला फुटामागं एक सूत जास्त,
ॲल्युमिनियमला सव्वा.
मालननं एकदा त्याच पट्टीनं पडदे मापले.
सात फुटाला सात सूत.
पडदे अजून फरशी झाडतात.

इर्शाद खडूनं जमिनीवर दोन वर्तुळं काढतो, एकात एक.
"भायेरचं एवढंच ठेवायचं काका,
न्हाईतर स्पीडचा काटा खोटं बोलंल.
आतलं वाढवलं की रबर पातळ. एवढंच."

एवढंच.
म्हणजे चाक काही मोठं होणार नाही.
हवेच्या जागेवर धातू येऊन बसेल
आणि सीपीआरसमोरचा एकेक खड्डा
मला नावानिशी ओळखेल.
डॉक्टरनं दाखवलेल्या फोटोत माझ्या मणक्यातली चौथी गादी
अशीच पातळ झालेली,
बाहेरनं उंची तेवढीच.

"पंधरा नको. चौदा दाखव."
त्याचं तोंड पडतं. मग आठ आऱ्यांचं एक काढतो, आरशागत.
मी ते उलटं करतो. चाक पाठीकडनं बघावं,
पोर बघायला गेल्यावर तिच्या आईकडं बघतात तसं
(हे मालनसमोर बोलायचं नाही).
आरे समोरासमोर आले की थंड होताना एकमेकांना ओढतात,
आणि तडा कुठं जाईल ते त्यांनाच माहीत.
सम नको. विषम दे.
सात आऱ्यांचं एक कोपऱ्यात होतं, धुळीत.
कोपऱ्यात मेटाकुटीला आलेला एक गोल गुळगुळीत,
हात फिरवला तर कुठंही नख अडकलं नाही.
ज्यानं केलं त्याला घाई नव्हती.
किंवा कॉम्प्युटरला नव्हती. असो.

पान्याच्या टोकानं हळूच ठोकलं.
ठण्ण.
दुकानातला रेडिओ, बाहेरची केएमटी, सगळं एक क्षण मागं सरकलं.
इर्शाद म्हणाला, "काका, गिऱ्हाईक हवा तपासतंय, तुम्ही आवाज."

टायर चढवायच्या आधी सवयीनं
रिमच्या बैठकीत माझी पट्टी आडवी धरली.
तेरा इंच आणि जेमतेम सात सूत.
दुसऱ्यांदा धरली. तेवढंच.
पुरं झालेलं काहीही या पट्टीवर
कधी पुरं भरत नाही,
हे कळूनही चाळीस वर्षं मीच दर वेळी चमकतो.

संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारली.
मालन शेजारी, हँडल घट्ट धरून.
पहिल्या खड्ड्याला ती काही बोलली नाही.
दुसऱ्याला म्हणाली, "किती इंची म्हणालात?"
मी पट्टीचं सांगितलं.
"मग पंधराचीच घ्यायची की," ती म्हणाली.