बारा आणे

शहापुरात रात्री साडेनऊला लाइट जाते,
गल्लीतले माग एकदम गप्प होतात.
तेवढ्या शांततेत परशराम
मोबाइलची बॅटरी लावून माझी चिठ्ठी वाचतो :
"टेल अस... अबाउट... युवरसेल्फ."
दिवसभर धाग्यांशी बोलणारा माणूस,
इंग्रजीत गाठ आली की बोट ओलं करतो.

मी खुर्चीत ताठ.
सराव म्हणून साडी नेसलेय,
त्यानंच विणलेली, काठात एक धागा चुकलेली,
म्हणून दुकानात न गेलेली.
पायात मोरीतल्या चपला.

"माय नेम इज हेमलता कंग्राळकर.
आय हॅव नाइन्टीन इयर्स..."
आणि इथंच अडते.
एकोणीस वर्षं एका श्वासात म्हणून झाली
की पुढं काय म्हणायचं?

"घाबरूलालीस कशाला? म्हण की परत."

परत म्हणते.
तो पुढची चिठ्ठी उजेडात धरतो :
"ह्या वयात पीएच.डी. कशाला?"
थांबतो. "असं विचारतात काय गं ते?"
नाही.
तो प्रश्न मीच लिहून ठेवलाय.

तिसरी चिठ्ठी गौरव्वा सिस्टरच्या अक्षरात,
ड्युटी बदलताना हातात कोंबलेली :
रिसर्च गॅप कुठे आहे?
ह्याचं उत्तर पाठ आहे, सव्वा पान.
कोणी काय शोधलं, कोणत्या साली, कोणत्या देशात.
मी तोंड उघडते
आणि मला दिसतो बेड नंबर सतरा.

निंगव्वा. रामदुर्गाकडची. खुब्याचं हाड मोडलेली.
माझ्या मोडक्या कन्नडात मी विचारलं,
शून्य ते दहा, किती दुखतंय?
"दहा कशातले?" तिनं विचारलं.
मला सांगता येईना.
मग तिनंच बोटांच्या पेरांवर हिशेब केला :
"रुपाय्दाग हन्नेरडाणे."
रुपयातले बारा आणे.

म्हणजे साडेसात.
चार्टवर सातनंतर आठच होता.
त्या वॉर्डात सातला गोळी, आठला इंजेक्शन.
मी सात लिहिले.
उरलेल्या अर्ध्यावर ती पहाटेपर्यंत जागी राहिली,
पण हाक मारली नाही.
गोळी दिलीच होती ना मी.

पलीकडच्या खाटेवरची येळ्ळूरची म्हातारी
रात्रभर सांगत होती : ठणकतंय,
मग म्हणे ठणकत नाही गं, सलतंय,
मग, कळ येऊन गेली.
तिघींची मी एकच नोंद केली.
तिघीच म्हणते मी त्यांना, त्या दुखण्यांना.

"बोल की," परशराम म्हणतो, "गॅप कुठं हाय?"

आणि लाइट येते.
गल्ली खडखडायला लागते, आमचा मागही,
बटण चालूच राहिलं होतं.
तो चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन ओरडतो :
"व्हॉट इज! युवर! प्रॉब्लेम!"
समोरच्या जयवंताकाकी खिडकीत येतात,
त्यांना भांडण वाटतं.
मी हात हलवून सांगते, काही नाही, इंटरव्ह्यू.
त्या मान हलवतात, काय कळलं कोणास ठाऊक.

मग परशराम उठतो.
वीज असताना माग थांबवायचा नसतो,
हे मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं.
तो जाऊन बटण बंद करतो.
एक माग थांबल्यानं गल्लीच्या आवाजात
काहीच फरक पडत नाही.
पण घरात थोडा पडतो.

चिठ्ठ्या खिशात घालून तो जमिनीवर बसतो,
नातेवाइकांसारखा, खाटेजवळ बसतात तसा.
"आधी मराठीत सांग," म्हणतो.
"मंगळवारचं मंगळवारी बघू."

मी चपला काढते.
पदराच्या चुकलेल्या धाग्यावर अंगठा ठेवते
आणि तिथून सुरू करते,
जे सव्वा पानात कुठंच नाही :

मी सात लिहिले होते.