दुसरी मध्यस्थ

स्विंडनमध्ये, वुड स्ट्रीटवर, गालिच्यांच्या दुकानावर
एक अरुंद जिना जातो.
चढताना खालून नव्या लोकरीचा वास येतो,
संसार मांडायला निघालेल्यांचा.
गाडी नव्वद मिनिटांच्या तिकिटावर लावली होती.
नव्वद पुरतील का, विचारायचं तरी कुणाला?

ग्लेनिस प्रिचर्ड. कार्डिगनचं एक बटण वेगळ्या रंगाचं.
"आज फक्त तुम्ही. शलाका गुरुवारी येतील.
त्या काय बोलल्या ते तुम्हाला कळणार नाही,
तुम्ही काय बोललात ते त्यांना नाही."
मी मान हलवली. आपल्याकडची,
हो की नाही ते न कळणारी.
"हे हो होतं ना?" तिनं विचारून घेतलं.

मला मिरजेचे दामूअण्णा आठवले.
तेही मध्यस्थच.
आमच्या दोन घरांमध्ये लुनावरून चकरा मारायचे,
इकडचं तिकडे, तिकडचं इकडे,
दोन्हीकडे थोडं थोडं वाढवून.
माझी उंची इंचभर. तिची गाण्याची परीक्षा, एक जास्तीची.
पगार विचारला, गोत्र विचारलं,
छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळवून दिले.
राहिलेले आठ कुठले,
हे तेव्हा कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

ग्लेनिसनंही पगार विचारला.
पेन्शन, घराचं कर्ज, किती वर्षांचे हप्ते उरलेत.
मग एक फॉर्म पुढे सरकवला, पंचवीस पानी.
"दोघांनी वेगवेगळा भरा. खरा भरा."
काडीमोड म्हणतो आपण. जणू एक काडी,
कट्, आणि मोकळे.

"मी बाजू घेत नाही," ती म्हणाली,
"सल्ला वकील देतील, निकाल कोर्ट."
मग तुम्ही काय देता, बाई?
हे मी मराठीत विचारलं, मनातल्या मनात.
"एका खोलीत बसवत नसेल तर दोन खोल्या आहेत.
मी मधे ये-जा करीन."
आली का परत लुना.

"मुलगा?"
निहार. अकरावं लागलंय.
त्यानं फ्रिजवर तक्ता चिकटवलाय, आपणहून,
कुठल्या वारी स्वयंपाक कुणाचा.
आई जांभळी, बाबा हिरवा.
शनिवार कोरा ठेवलाय.
ग्लेनिसनं हे लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

मग तिनं विचारलं,
"तुम्हाला त्यांची भीती वाटते?"
मी हसलो.
ती हसली नाही. "सगळ्यांनाच विचारते मी."
पेन तसंच धरलेलं.
संध्याकाळी दारात किल्ली फिरते,
मी टीव्ही बंद करून वरच्या छोट्या खोलीत जातो,
तिची पावलं स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे
जाईपर्यंत बाहेर पडत नाही.
"भीती नाही," मी म्हणालो.
"मग?"
मग काय ते इंग्रजीत सापडेना.
घरात आम्ही दोघंही पाहुणे आहोत, म्हटलं,
यजमानच कुणी नाही.
फ्रिज उघडतानासुद्धा संकोच वाटतो.

एवढं तिनं लिहिलं. सावकाश.

एकशे तीस पौंड, कार्डावर.
दामूअण्णांना शर्टपीस आणि नारळ दिला होता.

उठताना पाहिलं, समोरच्या खुर्चीवर
खिडकीतून थेट ऊन येत होतं.
"गुरुवारी," मी म्हणालो,
"तो पडदा खाली ओढाल का?
तिला अर्धशिशीचा त्रास आहे, उन्हानं उठते.
ती स्वतः सांगायची नाही."
ग्लेनिसनं एक पिवळी चिठ्ठी घेतली,
त्यावर एवढंच लिहून खिडकीच्या चौकटीला लावली.
"मी सांगितलं म्हणून नका सांगू," मी म्हणालो.
"सांगणार नाहीच," ती म्हणाली. "सुरुवातीलाच बोलले होते."

तिकिटावर अकरा मिनिटं उरली होती.
गाडीत बसून ती संपवली.
मग भेंडी घ्यायला वळलो.
आजचा वार हिरवा.