पटाची जोडी

शेजारच्या सीटवर खोकं,
त्यात कंपनीच्या जुन्या स्प्रिंगा, जुने शॉकअप,
पट्टा लावून बसवलेले, पाव्हण्यासारखे.
अंगावर सगळं नवं चढवून गाडी नेली
दारव्ह्याला, देविचंद मिस्त्रीकडे,
जिनिंगच्या भिंतीला टेकून जो पत्रा आहे, तिथे.

गाडी दोन दारांची, दोन माणसांची, सेकंड हँड.
नागपूरच्या एका डॉक्टराने पाठदुखीपायी विकलेली.
मी बँकेत कॅशियर.
शाखेत कुणी विचारलं नाही काहून घेतली,
एवढंच विचारलं, मागं पोतं मावते काय.

पुण्याहून मागवलेल्या स्प्रिंगा, पिवळ्या, आखूड, आठ किलोच्या.
शॉकअप कोइमतूरचे, वेगळ्याच दुकानाचे.
मागचा अँटी-रोल बार अंगठ्याएवढा जाड.
एकेक वस्तू नामी.
एकेकीसाठी मी रात्री जागलो होतो,
मुलीचं स्थळ पाहावं तसा.

मिस्त्रीने बोनेटवर दोन्ही तळहात ठेवले,
दाबून सोडले.
गाडी वर आली, खाली गेली, वर,
खाली,
आणि आणखी एकदा, उगाच, वर.

"तुह्या स्प्रिंगा पटाच्या बैलावानी हायेत," म्हणाला,
"अन् शॉकअप हाये म्हातारा.
त्याले कासरा आवरतच नाई.
दोघंही चांगलेच, पण एका जुवाखाली नाई चालत.
माहा बाप पटात जोडी उतरवे.
एक बैल एका नखानं जरी पुढं असला
तरी दमनी वाकडी पळे."

मग विचारलं, चालवतो कुठं?
लाडखेडचा रस्ता, मी म्हणालो. कधी कारंजा.
हसला नाही.
पान्ह्याने जमिनीवर एक रेघ ओढली, लाटांची.
काळ्या मातीवरचा डांबर.
पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते,
वरून सपाट दिसते, खालून झोपेत कूस बदलते.
"हा रस्ता चाकाले खाली येऊ देत नाई तोच
दुसरी लाट येते. चाक जमिनीवर पायजे, बावा.
हवेत कोणतं वळण घेशीन?"

दोन दिवस लागले.
पुढच्या पिवळ्या उतरल्या, जुन्या चढल्या.
मागच्या पिवळ्या त्याने हाताने तोलल्या,
बराच वेळ,
आणि त्याही उतरवल्या.
शॉकअप नवेच ठेवले. खालची गोल चकती
किल्ल्यांवर किल्ले फिरवत राहिला,
कानाने मोजत.
एक, दोन. नाही. एक किल्ला मागे.
जाड बार काढून भिंतीला उभा केला.
त्या रात्री पत्र्याच्या दाराला
तोच आडणा होता. मी पाहिलं. बोललो नाही.
अकरा हजार दोनशे रुपयांचा आडणा.

आता गाडी दिसायला पुन्हा उंच.
चाक आणि मडगार्डमध्ये चार बोटं जातात.
फोटोत बघणाऱ्याला काही कळणार नाही,
आणि हे मला, खोटं कशाला बोलू, थोडं लागलं.

पहाटे साडेपाचला निघालो, तो शेजारी,
खोक्याच्या जागी, पट्टा न लावता.
तुरीच्या धुऱ्याजवळचं डावं वळण,
जिथे मागच्या आठवड्यात मागचं चाक उचललं होतं
आणि माझा घसा सुकला होता.
गाडी वाकली. थोडी.
वाकू दे, म्हणाला.
वाकून थांबली, आणि रस्त्यावर बसून राहिली,
जशी एखादी बाई भरली घागर कमरेवर घेऊन
थोडं तिरपं चालते आणि सांडत नाही.
मी स्टिअरिंगला काही सांगितलं नव्हतं.

पुढे जुन्या छोट्या रेल्वेचे रूळ,
आगगाडी बंद, फाटक नाही, रूळ तेवढे आडवे.
मी सवयीने ब्रेकवर पाय नेला.
त्याने नुसता हात हलवला.
धप्प. एकदाच.
पुढून एक, मागून एक, आणि गप्प.

थांब म्हणाला. उतरला.
रुळाला चपलेने माती सारली,
वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं,
कुणीतरी ओळखीचं निजलंय काय, तसं.
बिडी पेटवली नाही, कानावरच ठेवली.
"डाव्या अंगाले अजून थोडी घाई हाये," म्हणाला.
मला ऐकू आली नव्हती.

"वळव. आता तिकडून घे."