प्रश्न चौदावा

कोइमतूरच्या शांतिनी मॅडमना हिंदी येत नाही,
म्हणून मला बोलावलं. बी.ए. इंग्रजी, वणी कॉलेज,
दिवसाचे आठशे, जेवण जिनिंगचं.
मॅडमच्या टॅबमध्ये छत्तीस प्रश्न,
समुद्रापलीकडच्या कपड्याच्या कंपनीनं पाठवलेले.
तू फक्त मधली. मधल्याला मत नसतं,
असं मला गेटवरच सांगितलं मुनीमजींनी,
ज्यांच्या ट्रॅक्टरवर माझा भाऊ आहे.

मारेगाव रोडवरचं जिनिंग त्या दिवशी झाडूनपुसून लख्ख.
माठावर नवं झाकण.
आगीच्या लाल बादल्यांत खरंच रेती.
बायांना सकाळीच मास्क वाटलेले,
त्यांच्या घडीची रेघ अजून तशीच.
डोक्याच्या पांढऱ्या टोप्या मात्र रोजच्या.
टोपी कशासाठी, मॅडमनी विचारलं.
"केस नाई पडले पायजे," गिरजा सिडाम म्हणाली,
"कापसात."
मी इंग्रजीत सांगितलं: सुरक्षेसाठी.
कोणाच्या, ते कोणी विचारलं नाही.

प्रश्न नववा. सुतळी, केस, पीस, खर्ऱ्याची पिंक,
रुईत काही मिसळतं का?
मुनीमजी स्वतः उठले, वही उघडली.
बावीस जानेवारी, रात्रपाळी,
गाठ चार हजार एकशे सहा:
डाग, इतर. बारा किलो रुई बाजूला काढली.
मॅडम खूश. इतकी नीट नोंद
गेल्या सहा जिनिंगांत त्यांना दिसली नव्हती.

प्रश्न चौदावा. कामावर कोणाला इजा झाली का?
समोर पंचफुला ढोके, उजवा हात पदरात.
तेवढ्या तासापुरते रोलर बंद होते,
रुईचा बुरा हवेत तसाच उभा.
"हाव," ती म्हणाली. "जानेवारीत. रोलरात सापडलं.
मधलं बोट गेलं, दोन पेरं.
आता पेरावर रोजी मोजाले बसली का
दोन कमीच भरते, बाप्पा."
आणि हसली. बाकीच्याही हसल्या.
"दवाखान्याचे पैसे मीच देल्ले. वरून दोन रोजी कापल्या,
कापूस नासवला म्हने.
त्याईले विचार ना, पोरी,
डाग कोनाचा व्हता, थे लिवलं का वहीत?"

दारात मुनीमजींची चप्पल वाजली.
मॅडम माझ्याकडे बघत होत्या,
त्यांचं बोट टॅबवर अधांतरी.
मी म्हटलं, हाताला थोडं लागलं होतं म्हणते. आता बरं आहे.
पंचफुलाबाईची दहा वाक्यं, माझी दोन.
"एवढंच?"
"एवढंच."
टॅबवर हिरवी खूण उमटली.

संध्याकाळी मास्क मोजून परत घेतले.
एक कमी भरला, त्यावरून बरीच बोलाबोली झाली.

अहवाल आला तो दिवाळीनंतर, नव्या हंगामाला.
मराठी करून फलकावर लावायचं काम पुन्हा माझंच.
गाठ चार हजार एकशे सहाचा सगळा प्रवास त्यात होता,
कोणता ट्रक, कोणतं बंदर, कोणती गिरणी,
कोणत्या रंगाचे टॉवेल.
एका शब्दाशी मी अडले.
काही चुकलंच असेल, तर ते निस्तरण्याची
कंपनीनं हमी दिली होती.
आमच्याकडे निस्तरतो तो,
ज्यानं केलेलं नसतं.
तरी तोच शब्द लिहिला. दुसरा सुचला नाही.

"वाच ना, पोरी," पंचफुलाबाई म्हणाली.
मी गाठीचा नंबर वाचला. बंदराचं नाव वाचलं.
"लयच लांब गेली व."
मग जरा थांबून,
"अन् मी बोलली व्हती, थे?"
पुढच्या पानावर आहे, मी म्हटलं.
पुढचं पान नव्हतं.

रात्री मॅडमच्या कार्डावरच्या पत्त्यावर लिहायला बसले.
विषय: प्रश्न चौदावा, भाषांतरातली चूक.
उजवा हात. मधलं बोट. दोन पेरं.
वहीतला डाग तिचा.
खाली माझं नाव. आडनाव लिहिताना थांबले,
भावाचंही तेच आहे.
मग पाठवलं.
नेटची एकच काडी होती घरात.
ते गोल फिरत राहिलं.
मी मोबाइल घेऊन अंगणात आले,
मग रस्त्यावर, मग जिनिंगच्या भिंतीपर्यंत,
तिथं रेंज चांगली येते.