धूर आत गेला

डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात अचाट काय, असा विषय निघाला
की बंड्या पाष्टे पुळणीवर आलेला देवमासा काढतो,
नलूकाकी भरजत्रेत माडावर पडलेली वीज.
मी म्हणते, धूर.
हसतात.
हसू देत.

आमच्या कातळवलीला समुद्र नव्हता.
म्हणजे होता, डोंगराच्या पाठीला टेकून,
पण आमच्या वाट्याला त्याची गाजसुद्धा येत नव्हती.
पलीकडे भोवडे, आईचं माहेर.
पाखाडी चढून उतरायला अर्धा दिवस, आणि माघारी येताना पाय जड,
म्हणून वर्षाला एक खेप, शिमग्याला, डोक्यावर तांदळाचं गाठोडं.

तीन वर्षं डोंगर पोखरत होते, रेल्वेसाठी.
रोज दहाला भोंगा, मग सुरुंग.
फळीवरची पितळी ताटं एकमेकांना खांदा लावायची,
आणि जरा वेळाने बोगद्याच्या तोंडातून पिवळट धूर
सरळ आमच्या वालाच्या मळ्यावर येऊन बसायचा.
एकदा आत छप्पर बसलं. दोघं राहिले.
लांबचे होते, ओडिशाकडचे.
मुकादमाने त्यांची नावं दोनदा सांगितली,
दोन्ही वेळा आम्हाला नीट ऐकू आली नाहीत.

शेवटच्या सुरुंगाला सगळा गाव.
शाळा सुटलेली, गुरवाच्या हातात नारळ,
पोलीस पाटील भर उन्हात लोकरीच्या कोटात.
दोरीच्या अलीकडे बायका.
भोंगा झाला. मग दणका, नेहमीपेक्षा हलका,
कुणी आतून दार लोटल्यासारखा.
आम्ही नाकाला पदर लावून उभ्या, सवयीने.

धूर आला तोंडाशी. घुटमळला.
आणि वळला.
आत गेला.

दोनेकशे माणसं, एकाचाही आवाज नाही.
पाटलांच्या पायाशी पडलेला आंब्याचा पाचोळा
उठला आणि धुरामागून चालू लागला.
नारळ फोडायचा राहून गेला.

दुपार कलली तसा वारा फिरला.
बोगद्यातून आमच्याकडे आला,
गार, ओलसर, आणि त्याला वास होता
वाळत घातलेल्या सुकटीचा.
कातळवलीच्या अंगावरून पहिल्यांदा समुद्र गेला.

माझ्या आईने दोरी ओलांडली.
कधी चारचौघांत मान वर न केलेली बाई,
तोंडाला हाताचा द्रोण करून ओरडली,
"धाकूऽऽऽ!"

मधे मजूर उभे होते, दिवे घेऊन, लांबवर.
पहिल्याने नाव उचललं, दुसऱ्याला दिलं,
"धाकु", "धाकु", "धोकू",
प्रत्येकाच्या जिभेवर थोडं झिजत, थोडं वाढत
माझ्या मामाचं नाव डोंगराच्या पोटातून गेलं.

आम्ही श्वास धरून.
मग तसाच, हातोहात, निरोप परत आला.
शेवटच्या पोराने तो मोडक्या मराठीत आईच्या पुढ्यात ठेवला,
"बाजार गेला. कोकम विकायला.
कोन विचारतो, विचारला."

गाव असा हसला की कावळे उडाले.
आई पण हसली. मग म्हणाली,
"सांग, कोन नाय. भैन हाय."

आता गाडी तिथून चाळीस सेकंदांत जाते.
फोनची रेंज जाते, लोक कपाळाला आठ्या घालतात,
रेंज येते.

धाकूमामा सत्त्याहत्तरचा झालाय.
येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून सांगतो
त्या दिवशी बोगद्याच्या तोंडाशी तो कसा उभा होता,
डोंगरातून त्याचं नाव कसं आलं,
त्याने कशी ओ दिली, किती मोठ्याने.
आमच्यापेक्षा कितीतरी रंगवून सांगतो.
आई शेजारी बसून सुपारी कातरत असते.
मी तोंड उघडायला गेले
की अडकित्ता थांबवून माझ्याकडे बघते.