नकाशात नसलेली लाईन

डॉक्टर पुरंदरेबाईंनी केसपेपर उलटा केला,
बॉलपेननं दोन रेघा ओढल्या.
"सुरुवातीचे काही आठवडे
प्रत्येक गर्भाकडे दोन्ही वाटा असतात.
मुलगा घडायचा असला
की निरोप जातो, ही एक बुजवा."
पेनाचं टोक दुसऱ्या रेघेवर थांबलं.
"तुमच्या बाळात तो निघालाच नसेल,
किंवा निघून पोचला नसेल. तपासू."

गेला होता हर्नियासाठी.
अकरा महिन्यांचा.
नर्सनं करदोटा कापून माझ्या हातात दिलेला,
तो मुठीत घामेजून गेला.
पाऊण तासाचं काम, म्हणाले होते.
दोन तासांनी बाई हिरव्या टोपीत बाहेर आल्या.
आत एक गर्भाशय आहे, म्हणाल्या,
वेलदोड्याएवढं.
मी म्हटलं, अहो, आमचा मुलगा आहे.
त्या म्हणाल्या, मुलगाच आहे.

मी महापालिकेत, ड्रेनेजला.
चौदा वर्षं कोपरखैरणे, घणसोली, तळवली.
शहर आखीव, सेक्टरला नंबर,
तरी जेसीबीचा दात जरा खोल गेला
की निघतेच एखादी दगडी मोरी,
गावाची नाहीतर मिठागराची,
नकाशात नसलेली,
भरतीला अजून पाणी घेणारी.
साहेब ओरडतात, ही बुजवायची ऑर्डर होती ना?
होती.
ज्याला मिळायची त्याला मिळाली नाही.
आम्ही शक्यतो फोडत नाही तिला.
आजूबाजूला काय काय टेकलंय तिच्यावर,
कुणाला माहीत.
नकाशावर पेन्सिलनं तुटक रेघ काढतो,
शेजारी लिहितो : जपून खणा.

बाईंना मी हेच विचारलं, माझ्या भाषेत.
त्या हसल्या नाहीत.
"तिच्याच भिंतीला लागून त्याची नळी जाते.
घाईनं कापलं तर उद्याचा बाप जाईल त्याच्यातला.
आधी अंडकोष खाली आणू. उरलेलं नंतर.
पण विसरायचं नाही, दर वर्षी दाखवायचं."
'दर वर्षी' मी तळहातावर लिहून घेतलं.
खिशात कागद होता, तरी.

घरी सगळ्यांना सांगितलंय : हर्निया.
आईला हर्निया, सासऱ्यांना हर्निया.
मढवीवहिनी म्हणाल्या, आमच्या वेदूलाही होता,
काही नसतं हो त्यात.
केसपेपर मी घडी करून
जन्मदाखल्याच्या प्लास्टिकमध्ये सरकवला.
दाखल्यावर छापलंय : पुरुष.
मागून, उजेडात धरलं तर,
दोन रेघा दिसतात.

टाके सुकले. आज पहिली आंघोळ.
हेमांगी पाय लांब करून पाटावर बसली,
त्याला नडगीवर पालथा घेतला,
आणि मान वर न करता म्हणाली,
"माझ्यातलं काही राहून गेलं असेल का रे, याच्यात?"
मला वाटलं, रडतेय.
रडत नव्हती.
"सांगायचं कधी त्याला? कोणी, तू की मी?"

बादलीतून वाफ येत होती.
मी तांब्यानं विसण घातलं,
कोपर बुडवून पाहिलं,
अजून थोडं घातलं.