एका कपाचं आधण

इथे इथाकात सगळं चढावर.
कॉलेज चढावर, आमचं घर त्याहून वर,
आणि फेब्रुवारीत रस्त्याला मीठ चोळतात
लोणच्याच्या फोडींना चोळावं तसं.
फोलाकेनं पहिल्याच बर्फात शिकवलं होतं :
पाऊल पूर्ण टेकव, बदकासारखी चाल,
लाज वाटली तर माझ्याकडे बघ,
मी तर इबादानची.

रात्री अकरानंतर आम्ही एकमेकींच्या मुलाखती घ्यायचो.
ती विचारायची,
"अमेरिकेत वर्षाला किती छत्र्या हरवतात?"
मी भिंतीकडे बघत लोकसंख्येचे तुकडे पाडायचे,
शहरं, पाऊस, विसरभोळेपणाचे टक्के,
आणि चौदा कोटींवर येऊन दमायचे.
"खरा आकडा कुणालाच माहीत नसतो," ती म्हणायची,
"ते फक्त बघतात तू घाबरतेस कशी."

तिचा ब्लेझर मला खांद्यात सैल.
आतून दोन पिना टोचून
तोच घालून मी तीन कंपन्यांसमोर हसून आले.
माझी इस्त्री तिच्या खोलीत,
तिचं मिरचीचं वाटण माझ्या डब्यात.
कॅलेंडरही एकच केलेलं,
तिचे चौकोन जांभळे, माझे हिरवे,
आणि आठवड्याच्या टोकाला एक पिवळी पट्टी :
शुक्रवार, डेस्मंडकडे जेवण.
ऑक्टोबरात ती सहा ते दहा होती,
नोव्हेंबरात आठ ते नऊ,
जानेवारीत तिथे कुणीतरी नुसतं "बघू" लिहिलं.
टाइप केलेल्याला अक्षर नसतं.
मीच असेन.

मग ती मेल आली.
शिकागोहून एक बाई येणार होत्या, याच कॉलेजच्या, जुन्या.
मंगळवारी सकाळी साडेसात,
उतारावरचा कॅफे, पंधरा मिनिटं.
"मैत्रिणींपैकी कुणाला यायचं असेल तर घेऊन ये."
हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.
कॅलेंडरात त्या तासाला कुठलाच रंग दिला नाही.

मंगळवारी अंधारातच उठले.
नळाची धार बारीक ठेवली,
भांडं ओट्यावर टेकवलं ते कापसावर टेकवावं तसं.
उतारावर बदकासारखी चालले,
पूर्ण पाऊल टेकवत,
आणि कुठेही घसरले नाही.
ब्लेझर अर्थातच तिचा.
बाईंनी बारा मिनिटं मला दिली,
उरलेली तीन त्या फोनवर मुलीला
मोजे कुठे आहेत ते सांगत होत्या.

मार्चात माझं झालं. उन्हाळा शिकागोत.
फोलाकेनं केक आणला,
मिठी मारली बरगड्या वाजतील अशी.
मी म्हटलं, "तुला एक सांगायचं होतं."
सुरीवरचं क्रीम बोटानं निपटत ती म्हणाली,
"त्या मंगळवारचं ना?
सिंकमध्ये भांडं होतं.
चहाची कड फार खाली होती.
सप्टेंबरपासून तू कधी
एका कपाचं आधण ठेवलं नव्हतंस."
आणि डेस्मंडला मोठा तुकडा कापून दिला.

भांडली असती तर बरं झालं असतं.
पाण्यात पाहिलं असतं तिनं मला,
तर निदान हातपाय तरी मारले असते मी.

तिचं अजून कुठेच झालेलं नाही.
गुरुवारी पिट्सबर्गचे लोक येणार आहेत.
रात्री मी सोपा प्रश्न काढला
तर म्हणाली, "अवघड विचार. दया नको."
मग मी विचारलं, या देशात रोज किती माणसं
दुसऱ्याचा चहा करतात?
ती डोळे मिटून मोजायला लागली,
घरं, ऑफिसं, म्हातारी जोडपी, वसतिगृहं.
मी मांडीवर तिचा ब्लेझर घेऊन बसलेले.
एक पिन लगेच निघाली.
दुसरी अस्तरात कुठेतरी आहे,
बोटांना लागतेय, सापडत नाहीये.
ती अजून पेन्सिल्व्हेनियापर्यंतच पोचलीय.